परक्या घरट्यातील पिल्लू : हात लावावा की लावू नये?

मृग नक्षत्र तोंडावर आले की हिंगोली जिल्ह्याच्या शिवारात पावशाची हाक घुमू लागते. एकेक पट्टी वर चढत जाणारी आणि टिपेला पोचून अचानक तुटणारी ही हाक शेतकऱ्याच्या कानाला 'पेरते व्हा' अशी लागते. हिंदी भाषकांना त्याच स्वरांत 'पी कहाँ' ऐकू येते. भर उन्हाळ्यात रात्रंदिवस चाललेल्या या ओरडण्याने डोके उठलेल्या इंग्रज साहेबांनी मात्र या पक्ष्याला 'ब्रेन फीवर बर्ड' असे काहीसे त्रासिक नाव दिले. शेतकऱ्याला पेरणीची आठवण करून देणारा हा पावशा स्वतः घरटे बांधत नाही, अंडी उबवत नाही आणि पिलाच्या चोचीत एक अळीही घालत नाही. ही सारी जबाबदारी त्याने सातभाईंवर सोपविलेली असते. गावातील कडुलिंबावर आणि पिंपळावर कोकिळा हाच व्यवहार कावळ्यांशी करते. पावसाच्या आगेमागे येणारा चातकही आपले अंडे सातभाईंच्याच घरट्यात ठेवून मोकळा होतो.

एप्रिल ते ऑगस्ट या काळात हा प्रकार गच्चीवरून, खिडकीतून, शाळेच्या आवारातून अनेकांच्या नजरेस पडतो. कावळी एका वेगळ्याच पिलाला भरवत असते, किंवा आपल्याहून थोराड दिसणाऱ्या पिलामागे सातभाईंचा थवा धावत असतो. अशा वेळी पाहणाऱ्याचे मन दोन दिशांना ओढले जाते. कोणाला कावळ्याची दया येते आणि काठीने ते 'उपरे' अंडे काढून टाकावेसे वाटते. कोणाला कोकिळेच्या पिलाची काळजी वाटते आणि त्याला कावळ्याच्या तावडीतून 'सोडवावेसे' वाटते. दोन्ही इच्छा सद्हेतूनेच होतात. आज पक्षिशास्त्राला जे ठाऊक आहे आणि वन्यजीव कायदा जे सांगतो, त्यानुसार या दोहोंचे उत्तर 'हात लावू नये' असेच आहे. या उत्तरामागची कारणे मात्र सरळ नाहीत. जगात काही ठिकाणी माणसाने मुद्दाम हस्तक्षेप केला, त्याचे बरेवाईट परिणामही नोंदले गेले. ते पाहिल्याशिवाय 'निसर्गाला त्याचे काम करू द्या' हे वाक्य निव्वळ पळवाट ठरते.

बिनभाड्याचे बिऱ्हाड

दुसऱ्या पक्ष्याच्या घरट्यात अंडे घालून त्याच्याकडून पिल्लू वाढवून घेण्याच्या प्रकाराला वीण परोपजीविता असे म्हणता येईल. ज्याच्या घरट्यात अंडे घातले जाते तो यजमान पक्षी. जगात पक्ष्यांच्या दहा हजारांहून अधिक जाती आहेत. त्यांपैकी सुमारे शंभर, म्हणजे जवळपास एक टक्का जाती पूर्णपणे अशा उसन्या संसारावर जगतात. आफ्रिकेतील मधुदर्शक, अमेरिकेतील काऊबर्ड, दक्षिण अमेरिकेतील एक बदक अशी एकमेकांशी नातेसंबंध नसलेली मंडळी त्यांत आहेत. ही सवय पक्ष्यांमध्ये एकदाच नव्हे, तर स्वतंत्रपणे सात वेळा उत्क्रांत झाली, असे अभ्यासक मानतात. कोकीळकुळातील सर्वच पक्षी या मार्गाने जात नाहीत, हेही येथे सांगितले पाहिजे. ज्याचे दर्शन शुभ मानले जाते तो भारद्वाज याच कुळातला. पण तो स्वतः घरटे बांधतो आणि नर-मादी मिळून पिले वाढवितात.

मराठवाड्यात सर्वांत परिचित उदाहरण कोकिळेचे. गातो तो काळाभोर, लाल डोळ्यांचा नर. मादी तपकिरी, अंगभर पांढुरके ठिपके असलेली आणि गाण्याच्या बाबतीत अगदीच सामान्य. तरीही मराठीत गानकोकिळेचा मान तिलाच मिळाला आहे. कावळ्यांची वीण उन्हाळ्यात सुरू झाली की कोकिळेच्या हालचालींना वेग येतो. अनेकदा नर घरट्याजवळ उघडपणे येतो, कावळे त्याच्या पाठीस लागतात आणि तेवढ्या अवधीत मादी घरट्यात अंडे घालून निसटते. कावळ्याचे अंडे निळसर हिरवे व तपकिरी ठिपक्यांचे. कोकिळेचेही तसेच, फक्त आकाराने लहान. एकाच घरट्यात कोकिळेची एकाहून अधिक अंडी सापडणे मुळीच दुर्मिळ नाही.

पुढचा सारा खेळ दिवसांचा असतो. कोकिळेचे अंडे साधारण बारा ते चौदा दिवसांत फुटते, कावळ्याचे सोळा-सतरा दिवसांत. दोन-तीन दिवसांची ही आघाडी पिलाच्या आयुष्यात फार मोठी असते. कोकिळेचे पिल्लू कावळ्याच्या पिलांना घरट्याबाहेर ढकलून देत नाही. मात्र आधी जन्मल्यामुळे घास आधी त्याला मिळतो, ते आधी वाढते आणि उशिरा जन्मलेली कावळ्याची पिले बऱ्याचदा उपासमारीने मरतात. नेहमीच असे होते असेही नाही. एकाच घरट्यातून कावळ्याची व कोकिळेची पिले बरोबरीने उडून गेल्याचीही उदाहरणे आहेत.

पावशाची रीत अधिक कठोर. उडताना तो शिकऱ्यासारखा दिसतो आणि लहान पक्ष्यांत घबराट पसरवितो. त्याचे अंडे सातभाईंच्या अंड्यासारखेच निळे असते. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू बहुधा यजमानाची अंडी घरट्याबाहेर लोटून देते आणि मग संपूर्ण थव्याच्या कष्टांवर एकट्याचा हक्क सांगते. सातभाई नावाप्रमाणेच टोळीने राहतात. थव्यातील एका जोडीच्या पिलांना इतरही भरवितात. त्यामुळे एक पावशाचे पिल्लू वाढविण्यासाठी पाच-सहा पक्षी राबताना दिसतात, आणि पाहणाऱ्याला ते फार जिव्हारी लागते.

चातकाची तऱ्हा या दोघांच्या मधली. चातकाची मादी घाईघाईत अंडे टाकून जाते. त्या गडबडीत यजमानाची अंडी काही वेळा तडकतात. पण चातकाचे पिल्लू घरट्यातील भावंडांना ढकलत नाही. ए. जे. गॅस्टन या अभ्यासकाने दिल्ली परिसरात सातभाई आणि चातक यांच्या संबंधांचा तपशीलवार अभ्यास करून १९७६ मध्ये तो प्रसिद्ध केला. भारतातील वीण परोपजीवितेवरील पायाभूत कामांत त्याची गणना होते.

कालिदासापासून जेन्नरपर्यंत

कोकिळेची ही सवय भारतीयांना नवी नाही. संस्कृतात तिला 'परभृत' आणि 'अन्यपुष्ट' अशी नावेच आहेत. म्हणजे दुसऱ्याने पोसलेली. कालिदासाच्या 'अभिज्ञानशाकुंतल' या नाटकाच्या पाचव्या अंकात दुष्यंत शकुंतलेला झिडकारताना याच गोष्टीचा दाखला देतो. कोकिळा आपली पिले इतर पक्ष्यांकडून वाढवून घेते, तेव्हा स्त्रीजातीला चातुर्य शिकवावे लागत नाही, असा त्याचा आरोप आहे. एका पक्ष्याच्या वागण्यातून माणसांविषयी निष्कर्ष काढण्याची ही खोड किती जुनी आहे, हे त्यावरून ध्यानात येते. ग्रीक विचारवंत ॲरिस्टॉटल यानेही युरोपातील कुक्कू पक्षी परक्या घरट्यात अंडे घालतो, अशी नोंद केली होती.

घरट्यात प्रत्यक्ष काय घडते हे मात्र बराच काळ कोणी बारकाईने पाहिले नव्हते. ते काम एडवर्ड जेन्नर या इंग्रज डॉक्टराने केले. देवीच्या लशीमुळे पुढे जगप्रसिद्ध झालेल्या जेन्नरने १७८८ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात कुक्कूविषयी निबंध प्रसिद्ध केला. डोळेही न उघडलेले कुक्कूचे पिल्लू पाठीवरील खोलगट भागात यजमानाचे अंडे किंवा पिल्लू घेऊन ते कडेवरून बाहेर लोटते, असे त्याने लिहिले. अनेकांचा यावर विश्वास बसला नाही. नुकत्याच जन्मलेल्या, आंधळ्या, उघड्यावाघड्या जिवाच्या ठायी एवढे बळ आणि एवढी 'दुष्टबुद्धी' असेल तरी कशी, हा आक्षेप कित्येक वर्षे टिकून होता. विसाव्या शतकात कॅमेरा घरट्यापर्यंत पोचल्यावर तो मिटला.

भारतात या विषयाकडे लक्ष वेधणाऱ्यांत डग्लस डेवर या ब्रिटिश अधिकाऱ्याचे नाव घ्यावे लागते. कोकिळेच्या परोपजीवी सवयींची त्याने केलेली चौकशी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९०७ मध्ये प्रसिद्ध झाली. पोलीस खात्यात नोकरी केलेल्या स्टुअर्ट बेकर यांनी कोकीळकुळातील पक्ष्यांच्या अंड्यांवर आयुष्यभर काम केले आणि १९४२ मध्ये या प्रश्नावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. अंडी गोळा करणे हा तेव्हा प्रतिष्ठित छंद होता. आज तेच काम कायद्याने गुन्हा ठरते.

कावळा एवढा चतुर असून फसतो कसा?

पिंडाला शिवायचे की नाही हे ठरविणारा, नळावरचे भांडे ओळखणारा, गुलेर उचललेली दिसताच उडून जाणारा कावळा स्वतःच्या घरट्यातील परके अंडे ओळखू शकत नाही, ही गोष्ट सामान्य माणसाला पटत नाही. कावळ्याच्या मूर्खपणावर तिचे खापर फोडणे सोपे आहे. अभ्यासकांचे उत्तर वेगळे आहे. परके अंडे ओळखून फेकून देण्याच्या सवयीतही धोका असतो. अंडे चुकीचे ओळखले गेले, तर पक्षी स्वतःचेच अंडे फेकून देतो. ज्या घरट्यांत परके अंडे बहुधा नसतेच, तेथे ही चूक वारंवार होणे फसवणुकीपेक्षा महाग पडते. अनेक यजमान पक्षी पहिल्या विणीत घरट्यात जी अंडी दिसतात, ती आपली म्हणून ध्यानात ठेवतात. त्या वेळीच परके अंडे तेथे असेल, तर तेही 'आपले' ठरते.

दुसऱ्या बाजूने यजमानही गप्प बसलेले नाहीत. युरोपातील काही पक्षी कुक्कूचे अंडे ओळखून फेकून देतात. त्याला उत्तर म्हणून कुक्कूची अंडी यजमानाच्या अंड्यांसारखी दिसू लागली. कुक्कूची मादी अवघ्या दहाएक सेकंदांत अंडे घालून पसार होते. तिचे अंडे शरीरात सुमारे एक दिवस अधिक राहते, त्यामुळे बाहेर येण्यापूर्वीच त्यातील गर्भाची वाढ थोडी पुढे गेलेली असते. कुलूप आणि चोरकिल्ली यांची ही स्पर्धा हजारो वर्षे चालू आहे. तिच्यात आज कोणी जिंकलेले दिसते, ते केवळ आजच्या दिवसापुरते. ही स्पर्धा टिकून राहण्याची एक साधी अट आहे : भाडेकरूंची संख्या यजमानांपेक्षा कमीच राहायला हवी. कावळेच उरले नाहीत, तर कोकिळेला जागा कोठली? कोकीळ सर्वस्वी कावळ्यावरच अवलंबून आहे असेही नाही. बांगलादेशात कोकिळेने साळुंकी आणि खाटीक यांच्याही घरट्यांत अंडी घातल्याचे अभ्यासकांनी नोंदविले आहे.

अंडे काढले तर काय होते?

या प्रश्नाचे सर्वांत धक्कादायक उत्तर अमेरिकेतून आले. जेफ्री हूव्हर आणि स्कॉट रॉबिन्सन यांनी इलिनॉय राज्यात काऊबर्डच्या अंड्यांवर प्रयोग केले आणि २००७ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लहानशा वॉर्ब्लर पक्ष्यांच्या ज्या घरट्यांतून त्यांनी काऊबर्डचे अंडे काढून टाकले, त्यांपैकी ५६ टक्के घरटी नंतर उद्ध्वस्त झालेली आढळली. ज्यांत ते राहू दिले, त्यांत हे प्रमाण केवळ ६ टक्के होते. काऊबर्डची मादी आपल्या अंड्यावर नजर ठेवते आणि ते नाहीसे झाल्यास सूड उगवल्यासारखे घरटे मोडते, असा अर्थ त्यांनी लावला. या वर्तनाला त्यांनी 'माफिया' असेच नाव दिले. कोकिळा किंवा पावशा असे करतात असे यावरून म्हणता येत नाही. पण काठीने अंडे काढले म्हणजे यजमानावर उपकार झाले, ही समजूत किती कच्ची आहे, एवढे त्यातून नक्कीच दिसते.

याच्या उलट बाजूचे उदाहरण स्पेनचे आहे. तेथे चातकाचाच एक मोठा नातलग कावळ्यांच्या घरट्यात अंडी घालतो. डॅनिएला कॅनेस्ट्रारी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिहिले की, ज्या घरट्यांत हे परके पिल्लू होते, त्यांतून निदान एक तरी कावळ्याचे पिल्लू जगण्याची शक्यता अधिक होती. पकडले असता हे परके पिल्लू अतिशय दुर्गंधीयुक्त द्रव सोडते आणि त्यामुळे मांजरासारखे शिकारी दूर राहतात. अर्थात यशस्वी घरट्यांत कावळ्याच्या पिलांची संख्या घटतेच. शिकारी जास्त असलेल्या वर्षी भाडेकरू उपयोगी, शिकारी कमी असलेल्या वर्षी तो भार, असा हा हिशेब. फांदीवर कोण कोणाचे नुकसान करीत आहे, हे खालून पाहणाऱ्याला ठरविता येत नाही ते यामुळेच.

हस्तक्षेप जेथे करावा लागला

असे असले, तरी हस्तक्षेप कधीच करू नये असा नियम जगाने पाळलेला नाही. त्याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतील मिशिगन राज्यातील कर्टलँड्स वॉर्ब्लर या पिवळ्या पोटाच्या चिमुकल्या पक्ष्याचे आहे. जॅक पाइन नावाच्या झाडांच्या कोवळ्या वनातच, जमिनीलगत घरटे करण्याची त्याची सवय आहे. १९६१ च्या गणनेत ५०२ गाणारे नर मोजले गेले होते. दहा वर्षांनी, १९७१ मध्ये ही संख्या २०१ वर आली. बहुतेक घरट्यांत काऊबर्डची अंडी सापडत होती. काऊबर्ड हा मुळात गवताळ मैदानांत चरणाऱ्या जनावरांमागे फिरणारा पक्षी. माणसाने जंगले तोडून शेते आणि कुरणे केली, तेव्हा तो या वॉर्ब्लरच्या प्रदेशात शिरला. बिघाड माणसाने केला होता, त्यामुळे तो निस्तरण्याची जबाबदारीही त्याच्यावर आली. १९७२ पासून सरकारी यंत्रणेने पिंजरे लावून काऊबर्ड पकडण्यास सुरुवात केली. घरट्यांतील काऊबर्डच्या अंड्यांचे प्रमाण झपाट्याने खाली आले.

गंमत पुढेच आहे. काऊबर्ड हटले, घसरण थांबली, तरी वॉर्ब्लरची संख्या वाढेना. १९८७ मध्ये ती पुन्हा १६७ इतकी खाली गेली. वाढ सुरू झाली ती त्यानंतर. १९८० मध्ये लागलेल्या एका मोठ्या वणव्यानंतर उगवलेली जॅक पाइनची झाडे तोपर्यंत पक्ष्याला हव्या त्या उंचीची झाली होती. वनखात्यानेही मुद्दाम नवी लागवड केली होती. पुढे संख्या दोन हजारांच्या वर गेली आणि २०१९ मध्ये हा पक्षी संकटग्रस्तांच्या यादीतून वगळण्यात आला. दरम्यान पिंजरे बंद करून पाहिले, तेव्हा काऊबर्डचा उपद्रव पूर्वीच्या मानाने नगण्य असल्याचे आढळले. परोपजीवी पक्षी हटविल्याने यजमानाला श्वास घेण्यास उसंत मिळाली. त्याला जगविले ते अधिवासाने.

हा धडा हिंगोलीला लावून पाहिला, तर येथे हस्तक्षेपाची पहिली अटच पूर्ण होत नाही. कावळा, सातभाई, शिंपी, वटवट्या हे कोकीळकुळाचे येथील यजमान आजही सर्वत्र आढळणारे पक्षी आहेत. त्यांच्यापैकी कोणीही कोकिळेमुळे किंवा पावशामुळे नष्ट होण्याच्या मार्गावर नाही. भाडेकरूही बाहेरून आणलेले नाहीत. ते या भूमीचे तितकेच जुने रहिवासी आहेत.

कायदा काय म्हणतो?

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाची व्याख्या सामान्य समजुतीहून बरीच व्यापक आहे. वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणे, त्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणे हेदेखील शिकारीतच मोडते. म्हणजे दयाबुद्धीने का होईना, सातभाईंच्या घरट्यातून पावशाचे अंडे काढणारा माणूस कायद्याच्या भाषेत शिकारीच ठरतो. संशोधनासाठीही असे करायचे तर रीतसर परवानगी लागते. कावळ्याची स्थिती मात्र बराच काळ निराळी होती. उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत उंदीर-घुशींबरोबर त्याचे नाव होते, त्यामुळे त्याला संरक्षण नव्हते. २०२२ च्या दुरुस्तीने ही अनुसूचीच काढून टाकली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती दुरुस्ती लागू झाली. पितृपक्षात ज्याची आतुरतेने वाट पाहिली जाते, त्याला कायद्याच्या पुस्तकात उपद्रवी म्हणून पन्नास वर्षे काढावी लागली, हा योगायोग मोठा विलक्षण म्हणायचा.

खरा हस्तक्षेप वेगळाच

घरट्यात हात घालावा की नाही यावर चर्चा होते. त्याहून मोठा हस्तक्षेप मात्र दर वर्षी कोणाच्या लक्षात न येता होऊन जातो. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा मुख्यतः शेतीचा आहे. ज्वारी-कापसाच्या या मुलखात सोयाबीन आणि हळद यांनी मोठी जागा घेतली. पेरणीपूर्वी शेत साफ करताना धुऱ्यावरील बोरी-बाभळी, करवंदाच्या जाळ्या तोडल्या किंवा पेटवल्या जातात. सातभाई, वटवट्या घरटी करतात ती नेमकी अशा काटेरी झुडपांत, आणि त्यांच्या विणीचा एक मोठा हंगाम पावसाच्या आगेमागेच येतो. जेसीबीच्या एका फेरीत यजमान आणि भाडेकरू दोघांचीही घरटी जातात. सातभाई दिवसभर पालापाचोळा उलथून किडे-अळ्या टिपतात. फवारणीवर पैसे खर्चणाऱ्या शेतकऱ्याला धुऱ्यावरचा हा फुकटचा मजूर परवडण्याजोगा आहे.

शहरात तीच गोष्ट कावळ्याची. वीजतारांना अडथळा ठरणाऱ्या फांद्या पावसाळ्यापूर्वी, म्हणजे बहुधा मे महिन्यात छाटल्या जातात. कावळ्यांच्या आणि पर्यायाने कोकिळेच्या विणीचा ऐन हंगाम तोच असतो. छाटणी टाळता येणार नाही, कारण वादळात फांदी तारेवर पडली की माणसाचा जीव जातो. पण ती हिवाळ्याच्या अखेरीस उरकणे शक्य आहे. मेमध्येच करायची वेळ आली, तर घरटे असलेली फांदी शेवटी ठेवता येते. नागरी भागात झाड तोडण्यासाठी १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. परवानगी देताना घरट्यांची पाहणी झाली, तर त्या कागदाला काही अर्थ राहील. रस्तारुंदीकरणात गेलेल्या जुन्या कडुलिंबांच्या आणि वडांच्या जागी लावलेली रोपे घरट्याच्या उपयोगी पडायला अनेक वर्षे जावी लागतात. कोकिळेला तर वड-पिंपळाची फळेही हवी असतात. मोठेपणी तिचे मुख्य अन्न तेच.

खाली पडलेले पिल्लू

घरट्याला हात लावायचा नाही हे मान्य केल्यावरही एक प्रश्न शिल्लक राहतो. छाटणीत घरटे कोसळले किंवा वाऱ्याने पिल्लू खाली पडले, तर काय करावे? येथे माणसाची मदत गैर ठरत नाही. पिसे फुटलेले, फांदीवर टुणटुण उड्या मारणारे पिल्लू असेल, तर त्याला मदतीची गरजच नसते. ते उडायला शिकत असते आणि आईबाप, खरे किंवा मानलेले, जवळच असतात. कुत्र्या-मांजरांपासून दूर अशा जवळच्या फांदीवर त्याला ठेवावे आणि बाजूला व्हावे. उघड्या अंगाचे, पिसे न आलेले पिल्लू असेल आणि घरटे शाबूत असेल, तर ते घरट्यात परत ठेवता येते. माणसाचा वास लागला की पक्षी पिलाला टाकून देतात, ही सर्वत्र ऐकू येणारी समजूत खरी नाही. घरटेच उरले नसेल किंवा पिल्लू जखमी असेल, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. वन्य पक्षी घरी ठेवणे कायद्याला मान्य नाही.

उचलताना हातमोजे किंवा निदान जाड कापड वापरावे आणि नंतर हात साबणाने धुवावेत. मेलेले किंवा मान टाकलेले कावळे एकाच जागी दिसले, तर त्यांना मुळीच स्पर्श न करता पशुसंवर्धन विभागाला कळवावे. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले आणि तपासणीत बर्ड फ्लूचे निदान झाले, ही घटना फार जुनी नाही.

कोकिळेचे पिल्लू कावळ्यापासून 'सोडवून' आणणाऱ्यांच्या मनात बहुधा आणखी एक भीती असते : कावळ्यांत वाढले तर ते कावळाच होईल. तसे होत नाही. सुरुवातीस ते कावळ्याच्या पिलासारखा आवाज काढून घास मागते. पण वयात आलेला नर 'कुहू'च म्हणतो, कारण ते स्वर त्याला कोणी शिकवावे लागत नाहीत. आपल्या जातीची ओळख अशा पिलांना नेमकी कशी पटते, यावर संशोधन सुरू आहे. अमेरिकेत काऊबर्डच्या पिलांना छोटी रेडिओ यंत्रे बसवून पाहिले, तेव्हा २०१५ मधील अभ्यासात असे आढळले की, उडू लागलेली पिले सायंकाळी यजमानांचा परिसर सोडून दूर गवतात एकटी रात्र काढत होती आणि सकाळी घास मागायला परत येत होती.

पाहणाऱ्याला छळ वाटतो तो कावळ्याचा सांभाळच या पिलाच्या कामाचा असतो. घरटे सोडल्यावरही कोकिळेच्या पिलाला काही आठवडे कोणीतरी भरवावे लागते. किती घास, किती वेळा आणि पिल्लू उडून दुसऱ्या झाडावर गेले तर तेथपर्यंत जाऊन, हे सारे कावळ्याला जमते. खोक्यात ठेवून दूध-पोळी चारणाऱ्या माणसाला ते जमत नाही. दूध तर पक्ष्यांना पचतही नाही.